कडीमावशी आणि तिसरा पक्ष

तिचं खरं नाव पाळणाघरातल्या एकाही पोराला ठाऊक नव्हतं. पोरांचे आईबाप ते पहिल्या दिवशी विचारायचे आणि दुसऱ्या दिवशी विसरायचे. सगळ्यांसाठी ती कडीमावशी. फाटकाला आतून एक जाडजूड लोखंडी कडी होती, आणि ती काढायचा-घालायचा हक्क मावशीने दुसऱ्या कोणाला कधी दिला नाही. घरात तिची नणंद राहायची. नवरा गेल्यापासून या दोघीच एकमेकींना होत्या. पोरांचं दूध, जेवण, सांडलेलं पुसणं हे सगळं नणंदेकडे, पण कडीला हात लावायची तिलाही मुभा नव्हती. "घराला आग लागली तर आधी वहिनीला शोधायचं, मग पाणी," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

नियम साधा होता. आई ज्याला पाठवते असं स्वतःच्या तोंडाने सांगेल, त्याच्याच हातात पोर द्यायचं. मग तो आजोबा असो नाहीतर राजा असो. संध्याकाळी आईबाप फाटकाशी गोळा व्हायचे. "आमचं द्या, मावशी," "आमची झोपलीय का? तशीच द्या," असा नुसता गलका चालायचा. नवा चेहरा दिसला की मावशी गजांमधून बघत विचारायची, "कोण तुम्ही?" एका आजोबांना तिने सून कामावरून सुटेपर्यंत फाटकाबाहेर स्टुलावर बसवून ठेवलं होतं आणि गजांमधून चहा दिला होता. एकदा तर एक बाप मिशी काढून आला. मावशीने ओळखलं नाही ते सोडा, त्याच्या पोरानेच भोकाड पसरलं. मग काय, बायको येईपर्यंत तो बिचारा ओठ चोळत बाहेर उभा. पोरांना हे इतकं पाठ झालं होतं की त्यांनी त्याचा खेळच केला होता. एकाने मावशी व्हायचं, दुसऱ्याने खुर्चीपलीकडून बाहुली मागायची. "बाळ द्या." "कोण तुम्ही?" आणि काहीही उत्तर आलं तरी बाहुली द्यायची नाही, असा तो खेळ होता. त्यात कोणी कधी जिंकत नसे आणि तरी तो रोज चालायचा.

या कडकपणाला कारण होतं. मावशी लहान असताना शाळा सुटल्यावर तिला न्यायला आत्या यायची. एक दिवस आत्याच्या आधी एक लांबचा काका उगवला. तोंडाला वास होता, पण बोलणं फार अदबीचं. "मुलीला द्या, बाई, घरीच नेतो," म्हणाला, आणि बाईंनी दिली. काकाने तिला बसथांब्याच्या बाकावर बसवलं, "आलोच" म्हणाला आणि गेला तो गेलाच. अंधार पडेपर्यंत ती तिथे बसून होती. फार काही वाईट झालं नाही, शेवटी घरचे शोधत आले. पण त्या बाकाचा थंडपणा पन्नाशी उलटली तरी तिच्या अंगातून गेला नव्हता. बाईंचा तिला अजूनही राग यायचा, काकाचा तितका नाही.

एवढी कडक बाई, आणि मोबाइलपुढे मेणाहून मऊ. माणसाची हीच गंमत असते बघा.

मोबाइल तिने घेतला तो आयांच्या आग्रहामुळे. दुपारी एखादा फोटो पाठवा म्हणाल्या, कामावर जीव लागत नाही. मावशी शिकली. आधी फोटोत पोरांपेक्षा तिचं बोटच जास्त यायचं. मग नीट यायला लागले. व्हरांड्याच्या भिंतीवर पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने हत्ती काढला होता. त्याने पैसे आगाऊ घेतले आणि करडा रंग संपला, म्हणून हत्ती पिवळा राहिला, आणि सोंड आखूड पडल्यामुळे त्याला सगळे डुक्करच समजायचे. त्या पिवळ्या हत्तीपुढे पोराला उभं करायचं आणि फोटो काढायचा, ही दुपारची रीत झाली.

मोबाइल अधूनमधून काहीतरी मागायचा. पडद्यावर चौकट यायची. तुमचे फोटो पाहण्याची अनुमती द्या. तुमचे संपर्क पाहण्याची अनुमती द्या. मावशी ते नीट, शब्दाला बोट लावून वाचायची आणि 'द्या' वर दाबायची. दर वेळी. नणंद एकदा म्हणाली, "अगं वहिनी, कोण मागतंय ते तरी बघ."

"कोण म्हणजे? मोबाइल मागतोय. आपल्याच घरातला आहे," मावशी म्हणाली. "आणि किती आदराने मागतोय. 'दे' नाही म्हणत, 'द्या' म्हणतो. वन्सं, तुम्ही तरी मला कधी 'द्या' म्हणता का?"

"मग खालचं दाब. 'नकार द्या' लिहिलंय बघ."

"नकार काय द्यायची वस्तू आहे? आणि घरातल्याला?"

"भीड भिकेची बहीण," नणंद म्हणाली आणि दुधाकडे धावली, कारण दूध वर आलं होतं.

मावशीची चूक तिथेच होती. मागणारा मोबाइल नव्हता. मोबाइल नुसता निरोप्या. मागणारे भलतेच कोणीतरी, कुठल्या कुठे बसलेले, मोबाइलच्या तोंडून अहो-जाहो करत होते. मावशीला हे सांगायचं कोणाला सुचलं नाही, कारण ज्यांना ते माहीत होतं त्यांना वाटायचं की सगळ्यांनाच माहीत असतं.

त्यातच तिला फोटोंना फुलांच्या चौकटी लावणारं एक अ‍ॅप सापडलं. वर्षाअखेर प्रत्येक पोराच्या आठवणींचा एक अल्बम करून आयांच्या हातात ठेवायचा, असं तिच्या मनात होतं. अ‍ॅपने तिचं ऑनलाइन खातं मागितलं, खात्यातले फोटो मागितले, संपर्क मागितले. मागणं सगळं 'द्या' लावूनच होतं. मावशीने सगळं दिलं आणि हौसेने फुलं निवडत बसली.

त्याच सुमाराला भुणभुण आली. चार वर्षांची, डोक्यावर दोन आखूड शेंड्या, आणि तोंडाने अखंड गुणगुण. जेवताना, रंगवताना, झोपेतसुद्धा. गाणं असं काही नसायचं, पाण्याच्या टाकीत मधमाशी अडकल्यासारखा नुसता सूर. म्हणून भुणभुण. तिची आई कॉल सेंटरमध्ये कामाला होती. लोकांची खाती बंद पडली, कोणी आत शिरलं, पासवर्ड विसरला, की लोक तिला फोन करायचे आणि ती त्यांना वाटेला लावायची.

पहिल्या दिवशी ती फाटकाबाहेर उभी राहिली आणि आत यायच्या आधीच म्हणाली, "हिला माझ्याशिवाय कोणालाही द्यायचं नाही."

"ते तर आमच्याकडे आहेच," मावशी म्हणाली.

"बापालाही नाही. बापाला तर नाहीच." मग आवाज खाली करून, "त्याचा हात उठतो, मावशी. माझ्यावर उठायचा तोवर मी सोसलं. मग एक दिवस हिच्यावर उठला. आम्ही या गावात आहोत हे त्याला माहीत नाही."

मावशीने पोरीचा हात हातात घेतला आणि कडी घातली. मग नंबर दे, ईमेल दे, असं झालं. बाई घाबरलेली, घाईत. नंबर तिने नवा सांगितला, पण ईमेल तोंडातून सवयीने जुनाच गेला. मावशीने दोन्ही मोबाइलमध्ये घातले. ईमेलला कधी काही पाठवायची वेळ आली नाही. फोटो नव्या नंबरवर जायचे, दुपारी, नेमाने. भुणभुणची आई नंतर एकदा म्हणाली होती की त्या वेळी ती हेडफोन काढून जिन्यात जाऊन बसते, फोटो बघते, मगच पुढचा कॉल घेते.

असे काही महिने बरे गेले. मग एका दुपारी, पोरं चटयांवर झोपलेली असताना, फाटकाशी एक माणूस येऊन उभा राहिला.

कपडे नीटनेटके, हातात खेळण्याची पिशवी. त्याने भुणभुणचं खरं नाव घेतलं, जे पाळणाघरात कोणी घेत नसे. "तिला द्या, मावशी. न्यायला आलोय."

"कोण तुम्ही?"

"तिचा बाप."

"असाल. तिच्या आईने सांगितलेलं नाही."

तो हसला. रागावला असता तर मावशीला सोपं गेलं असतं, पण तो हसला. "मला बोलावून आता दारात अडवता होय? तुम्हीच तर आमंत्रण पाठवलंत." आणि त्याने गजांमधून आपला मोबाइल दाखवला.

पडद्यावर भुणभुण होती. मागे आखूड सोंडेचा पिवळा हत्ती. भोवती मावशीने स्वतः निवडलेली गुलाबी फुलं. खाली गावाचं आणि गल्लीचं नाव, फोटो कुठे काढला ते सांगणारं. आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत मावशीचं नाव, जे गल्लीत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि पुढे लिहिलेलं, की यांनी तुम्हाला आठवणी पाहायला बोलावलं आहे.

मावशीचा हात कडीवरच होता. तो कसा राहिला ते तिला पुढेही कधी सांगता आलं नाही. "आईने सांगितल्याशिवाय पोर मिळणार नाही," ती म्हणाली. "या आता."

"परत येईन."

"मीही इथेच असेन."

तो पिशवी फाटकाला अडकवून गेला. मावशी आत वळली तर भुणभुण चादरीखाली जागी होती. डोळे टक्क उघडे. गुणगुण बंद. तिने बापाचा आवाज ओळखला होता.

मावशीने आधी तिच्या आईला फोन लावला. "पोरगी माझ्याजवळ आहे, कडी लावलेली आहे. तो येऊन गेला. तू मागच्या गल्लीने ये," एवढंच सांगितलं. मग ते फुलांचं अ‍ॅप शोधलं आणि मोबाइलमधून काढून टाकलं. नणंद म्हणाली, "गेलं ना आता? संपलं मग." मावशीला एकच दिसत होतं. शाळेतल्या त्या बाई आणि ती स्वतः, यात आता फरक राहिला नव्हता. कोणी अदबीने 'द्या' म्हणालं, आणि तिनेही दिली.

भुणभुणची आई आली ती धापा टाकत. पोरीला उचलून घेतलं, मान हुंगली, हातपाय चाचपले. मग विचारलं, "त्याला पत्ता कोणी दिला?"

नणंद मध्ये बोलायला लागली होती, पण मावशीने तिला थांबवलं. "मी दिला," ती म्हणाली. "मला ठाऊक नव्हतं मी देते आहे ते. पण दिला मीच." आणि फुलांच्या चौकटीपासून सगळं सांगितलं, काही न लपवता.

राग आला की काही बायका ओरडतात, काही रडतात. भुणभुणच्या आईचा आवाज कामावरचा व्हायचा. थंड, गोड, इस्त्री केलेला. "मोबाइल द्या," ती म्हणाली. "तुम्ही अ‍ॅप काढलंत. ते फक्त मोबाइलमधून गेलं. तुमच्या खात्यात जायची परवानगी त्याच्याकडे अजून आहे. माणूस घराबाहेर काढला, पण किल्ली त्याच्या खिशातच राहिली, असं समजा. आता सेटिंग्जमध्ये जाऊ. तुमचं नाव दाबा. सुरक्षा दाबा. खाली या."

खाली एक मथळा होता. तुमच्या खात्याचा अ‍ॅक्सेस असलेली तृतीय पक्षाची अ‍ॅप्स.

"तिसरा पक्ष?" नणंदेला राहवलं नाही. "लग्नात वधूपक्ष असतो, वरपक्ष असतो. हा तिसरा कुठून जेवायला आला?"

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे मोबाइल नव्हता मागत?" तिने विचारलं. "हे मागत होते?"

"हेच मागत होते."

यादी उघडली. फुलांच्या चौकटीवाला. एक राशिभविष्य सांगणारा, जो नणंदेने घातला होता आणि आता तिने तोंड दुसरीकडे फिरवलं. एक टॉर्च. एक कोडी घालणारा. एक, ज्याचं नाव नुसतं तीन अक्षरं आणि एक आकडा होता आणि जो कधी आला हे कोणालाच आठवेना.

मावशीने मोबाइल परत घेतला. चष्मा पुसून घातला. पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि अगदी फाटकातल्या आवाजात विचारलं, "कोण तुम्ही?"

खाली लिहिलेलं होतं. हे अ‍ॅप तुमचे सर्व फोटो पाहू शकतं, इतरांना दाखवू शकतं, तुमच्या संपर्कांना तुमच्या नावाने आमंत्रणं पाठवू शकतं. हे सगळं तेव्हाही लिहिलेलं होतं म्हणे, बारीक अक्षरात, फुलांच्या खाली. मावशीने 'अ‍ॅक्सेस काढून टाका' दाबलं. मग टॉर्चवर आली. "कोण तुम्ही? उजेड पाडायचा तर माझ्या आयांचे नंबर कशाला हवेत तुम्हाला?" तोही काढला. राशिभविष्यवाल्याला तर तिने विचारलंसुद्धा नाही. तीन अक्षरंवाल्याला काढताना मात्र तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण तो कोण हे तिला कधीच कळणार नव्हतं, आणि तो इतके दिवस घरात वावरत होता.

फुलांच्या अल्बमचं ते पान भुणभुणच्या आईनेच शोधून मिटवलं. मिटवताना तिचा आवाज जरा माणसात आला. "आम्हाला पुन्हा निघावं लागेल, मावशी," ती म्हणाली. "दुसरं गाव बघायचं. दुसरी नोकरी. हिला कालच कुठे मैत्रीण मिळाली होती."

'जाऊ नको' म्हणायचं तोंड मावशीला उरलं नव्हतं. तिने नुसतं विचारलं, आणि विचारण्यात काही डाव नव्हता, खरंच कळलं नव्हतं म्हणून विचारलं. "पण एक सांग. आमंत्रण माझ्या संपर्कांना गेलं. त्याचा नंबर माझ्याकडे कुठे होता?"

भुणभुणच्या आईचं बोट थांबलं.

"माझ्याकडे तुझा नवा नंबर आहे," मावशी पुढे म्हणाली. "आणि तुझा तो ईमेल. दुसरं काही नाही. मग तुझ्याकडेही अशी यादी असते का?"

भुणभुणच्या आईने स्वतःचा मोबाइल काढला. जुनं ईमेल खातं ती महिनोन्महिने उघडत नव्हती, ते उघडलं. सेटिंग्ज, नाव, सुरक्षा. दिवसभर परक्या लोकांना ती हीच वाट सांगायची, आज स्वतः चालत होती. तिच्या यादीत अ‍ॅप्स नव्हती, ती शहाणी होती. पण त्याच्या खालीच दुसरी यादी होती, खातं कुठे कुठे उघडं आहे त्याची. तिथे तिचा मोबाइल होता. आणि खाली, घरातला कॉम्प्युटर. जुन्या घरातला. हॉलमधला, खिडकीशी ठेवलेला. शेवटचा वापर, आज सकाळी.

घर सोडताना तिने कपडे घेतले होते, पोरीचे दाखले घेतले होते, दागिने घेतले होते. खात्यातून बाहेर पडायचं राहिलं होतं. नवरा इतके महिने तिच्या जुन्या पत्त्यावर येणारं सगळं बसल्या जागी वाचत होता. मावशीच्या नावाचं आमंत्रण तिथेच जाऊन पडलं होतं, आणि तिथून त्याने ते आपल्या मोबाइलवर घेतलं होतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. पण मावशीने ते म्हटलं नाही. नणंद म्हणेल अशी भीती होती, तर नणंदही गप्प. खोलीत एकच आवाज असायला हवा होता, आणि भुणभुण आईच्या खांद्यावर तोंड दाबून मुकी बसली होती.

"मी रोज लोकांना सांगते," तिची आई म्हणाली. आता आवाजाची इस्त्री पुरती मोडली होती. "बाहेर पडलात का सगळीकडून, असं विचारणं आमच्या कामात पहिलं असतं. पहिलं."

मावशी तिच्याजवळ सरकली. "तू जीव घेऊन निघाली होतीस," ती म्हणाली. "तेव्हा माणूस पोर उचलतो. कॉम्प्युटर नाही बंद करत." मग तिने पदराने आधी त्या बाईचे डोळे पुसले आणि मग स्वतःचे. "दाब ते. मी बसले आहे इथे."

तिने 'सगळीकडून बाहेर पडा' दाबलं.

दुसऱ्या दिवशी भुणभुणची आई पोलिसांत गेली, मग वकिलाकडे. मावशीही बरोबर गेली, आणि जे पाहिलं ते सांगितलं. आमंत्रण आपल्याच नावाने गेलं होतं हेही सांगितलं, जे न सांगून चाललं असतं. पुढे कोर्टाने त्या माणसाला पोरीच्या आसपास फिरकायची मनाई केली. मधल्या काळात तो एकदा गल्लीच्या तोंडाशी दिसला, मावशीने कडीवर हात ठेवून त्याच्याकडे पाहिलं, आणि तो तिथूनच वळला. पण कोर्टाचा कागद हा कागदच असतो. भुणभुणची आई दुसऱ्या गावी खोली बघत होती, हे मावशीला माहीत होतं. रोज सकाळी पोरगी येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि आली की वाटायचं, आजचा दिवस मिळाला.

फोटो तिने बंद केले होते. सगळ्यांचेच. प्रत्येक आईला तिने एकेक करून गाठलं, काय झालं ते सांगितलं आणि माफी मागितली. दोघींनी पोरं काढून नेली. बाकीच्या राहिल्या. फोटोऐवजी आता संध्याकाळी गजांपाशी तोंडी हकीकत मिळायची. कोणी काय सांडलं, कोणी कोणाला चावलं, सगळं. नणंद म्हणायची की यात फोटोपेक्षा जास्त कळतं, आणि काही आया म्हणायच्या की जरा जास्तच कळतं.

भुणभुणच्या आईचा प्रश्न मात्र रोज एकच असायचा. "आज भुणभुणली का?"

"नाही," मावशी सांगायची. दोघींना उत्तर आधीच माहीत असायचं, तरी ती विचारायची आणि ही सांगायची.

मग एका दुपारी पोरांचा तो खेळ रंगात आला होता. खुर्चीमागे आज भुणभुण मावशी झाली होती. "बाळ द्या," पलीकडून कोणी ओरडलं. भुणभुणने बाहुली छातीशी धरली आणि म्हणाली, "कोण तुम्ही?" कोणीतरी म्हणालं, "मी बाप." ती जरा थांबली. सगळी खोली थांबली असं मावशीला वाटलं. मग भुणभुण म्हणाली, "आईने सांगितलेलं नाही. या आता." आणि पाठ फिरवून बाहुलीला थोपटायला लागली. थोपटता थोपटता, हळू, मधमाशीचा सूर सुरू झाला.

मावशी धावत मोबाइलकडे गेली. फोटोत आवाज कुठे येतो? नणंदेने मेसेजमध्ये माइकचं चित्र दाखवलं, तिने ते दाबलं, आणि चौकट आली. मायक्रोफोन वापरण्याची अनुमती द्या. नणंद कुजबुजली, "दाब लवकर, थांबेल ती."

मावशीने दाबलं नाही. तिने भुणभुणच्या आईला फोन लावला.

"घाबरू नको, सगळं ठीक आहे," ती आधी म्हणाली. "मेसेजवाला माइक मागतो आहे. तुझ्या पोरीचा आवाज आहे. तू सांग. देऊ का?"

पलीकडे कॉल सेंटरचा कलकलाट होता. मग तो दूर झाला, दार लागल्याचा आवाज आला. ती जिन्यात आली असणार.

"भुणभुणतेय?" तिने विचारलं.

"बाहुलीला झोपवते आहे."

"मेसेजवाला माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली. "द्या, मावशी."

"इथे 'फक्त या वेळी' असंही एक बटण आहे."

"मग ते दाबा. उद्या पुन्हा मला विचारा."

मावशीचं बोट बटणावर होतं. "आणि परवा?" तिने विचारलं.

"परवाही विचारा," भुणभुणची आई म्हणाली. "रोज विचारा."